पाषाणांतील चीर

हिंगणघाटच्या भोंवतालचा काळा पाषाण अभंग भासतो; तरी पाथरवट तो हातोडीनें वाजवून पाहतो. आम्हीही विद्यार्थ्यांस तसेंच करावयास लावतों. निर्दोष दगड खणखणतो, चिरेचा बद्द बोलतो. चीर केसाएवढी कां असेना, दगडाचें बळ तिच्यावर ठरतें. वरून भार पडला असतां आडवी चीर मिटते, उभी फारशी घसरत नाहीं. तिरपी मात्र घसरते, व तिच्या टोकांपासून नव्या भेगा भाराच्या दिशेनें वाढतात. आंत पाण्याचा दाब असेल तर कडांची पकड अधिकच सैल होते.

कोयनेचा जलाशय १९६२ सालीं भरूं लागला आणि लवकरच तेथें लहान धक्के जाणवूं लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे झालेल्या भूकंपांत १५० हून अधिक माणसें दगावलीं. भूगर्भांतील जुन्या चिरांमध्यें, म्हणजे भ्रंशांमध्यें, ताण आधींच सांठला होता. पाण्यानें त्यांची पकड सुटली, असें बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.