स्वयंपाकघराला जोडा मागची पडवी



पूर्वीच्या घरांत ओटी, माजघर, मागची पडवी आणि परस अशी सलग मांडणी असे. स्लॅबचे घर बांधताना खर्च वाचविण्यासाठी पडवी वगळली जाते. मग धान्य पाखडणे, शेंगा फोडणे, भाजी निवडणे ही कामे भर उन्हात किंवा कोंदट खोलीत करावी लागतात, आणि त्यांचा भार मुख्यतः घरातील स्त्रियांवर पडतो. उभ्या घरालाही पडवी जोडता येते. त्यासाठी पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

दिशा : दक्षिणेकडील पडवी सर्वात सोयीची. डिसेंबरात पुण्याच्या अक्षांशावर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो. त्यामुळे छपराची कड साडेसहा फूट उंच असल्यास ऊन जवळजवळ ६ फूट आत येते. मे महिन्यात मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर असल्याने तीच जागा सावलीत राहते. पश्चिमेचे तिरपे ऊन मात्र छपराने अडत नाही. तेथे मांडव घालून दोडका, घोसाळी किंवा दुधीचा वेल चढवावा. कोकणात पावसाची झड अडविण्यासाठी झावळ्यांचे झाप बांधावेत.

छपराचा उतार : कौलांना दर २ फूट रुंदीस १ फूट उतार द्यावा. पडवी ७ फूट रुंद असल्यास उतारासाठी साडेतीन फूट लागतात. बाहेरची कड साडेसहा फूट ठेवल्यास भिंतीकडील बाजू १० फुटांवर येते. म्हणून आधी स्लॅबची उंची मोजावी, मगच रुंदी ठरवावी. उंची कमी असल्यास पत्रा वापरावा. त्यास दर ६ फुटांस १ फूट उतार चालतो. पत्रा फार तापतो, म्हणून खालून बांबूच्या तट्ट्या लावाव्यात. चुलीच्या वर मात्र त्या लावू नयेत. भिंत व छप्पर यांच्या सांध्यावर पत्र्याची पट्टी बसवावी, अन्यथा भिंतीत ओल उतरते.

भिंतीत दार पाडताना : ही सर्वात जोखमीची बाब आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती व मातीची जड धाबी कोसळून हजारो माणसे दगावली. अशा भिंतीत अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय दार पाडू नये. विटांच्या भिंतीतही स्लॅबला आधी टेकू द्यावेत. दार कोपऱ्यापासून दूर घ्यावे. त्यावर लिंटेल टाकावे व ते दोन्ही बाजूंस भिंतीवर पुरेसे टेकवावे.

जमीन व सांडपाणी : पडवीची जमीन घराच्या जमिनीपेक्षा ४ इंच खाली आणि परसापेक्षा किमान १ फूट वर असावी. दर ४ फुटांस १ इंच उतार बाहेरच्या बाजूस द्यावा. भांडी घासण्याचे पाणी केळी व अळूकडे वळवावे. ते साचून डास होणार नाहीत, याकडे लक्ष द्यावे.

चूल : पाणी तापविण्याची चूल पडवीच्या बाहेरील कोपऱ्यात, वाऱ्याची दिशा पाहून मांडावी. धूर घरात न शिरता बाहेर जातो आणि डोळ्यांचा व छातीचा त्रास कमी होतो. लहान मुले चुलीजवळ जाणार नाहीत, अशी आडभिंत घालावी.

काय ठेवू नये : सरपणाचा ढीग दाराजवळ रचू नये. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात व उंदरांमागे साप येतात. कीटकनाशके, फवारणी पंप व रिकामे डबे पडवीत मुळीच ठेवू नयेत. जेथे घरची मंडळी बसतात व धान्य निवडतात, तेथे विषाला जागा नसावी. औषधे वेगळ्या खोलीत कुलपात ठेवावीत.

काम सुरू करण्यापूर्वी जमिनीवर चुन्याने आखणी करावी. चूल, मोरी, दार व बसण्याची जागा कोठे हवी, हे घरातील स्त्रियांना विचारूनच ठरवावे. दिवसातील बराच वेळ त्यांनाच तेथे काम करावयाचे असते.