थंड पाण्याचा पाहुणा : ट्राउट मासा

हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्यात तीर्थन नावाची नदी आहे. उंच पर्वतांतील हिमाच्या पाण्यावर पोसलेली ही नदी गुशैणी गावाजवळून वाहत खाली येते व लारजीपाशी बियास नदीला मिळते. तिच्या काठी लहान लहान अतिथिगृहे आहेत. गळाने ट्राउट मासा धरण्याची आवड असलेले लोक तेथे काही दिवस मुक्काम करितात. हे पाहुणे पहाटेच नदीवर का जातात, गळाला गांडुळाऐवजी पिसांची माशी का बांधतात आणि हिवाळ्यात त्यांना मनाई का असते, ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नदीच्या थंड व स्वच्छ पाण्यात सापडतात.

मासा कल्ल्यांच्या साहाय्याने पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. पाणी जितके थंड, तितका त्यात प्राणवायू अधिक मावतो. समुद्रसपाटीवर 10 अंश सेल्सिअसच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. 30 अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमच उरतो. उलट, पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे मिळकत घटते आणि खर्च वाढतो. मैदानातील रोहू, कटला हे मासे ऊन पाणी सोसतात. ट्राउटचा जीव मात्र 25 अंशांच्या आसपास धोक्यात येतो. पहाटे पाणी सर्वांत गार व उजेड मंद असतो. म्हणून उन्हाळ्यात मासा त्या वेळी निर्धास्तपणे चरतो.

अशा पाण्यातील दगडांच्या आश्रयाने मेफ्लाय, कॅडिस इत्यादी कीटक वाढतात व पंख फुटण्याच्या वेळी पृष्ठभागावर येतात. प्रवाहाकडे तोंड करून थांबलेला ट्राउट त्यांना टिपतो. गळ टाकणारा आकड्यावर पिसे व दोरा गुंडाळून ह्याच कीटकांची प्रतिकृती करितो. ही माशी इतकी हलकी असते की ती एकटी दूर फेकता येत नाही. वजनदार दोरीला लवचिक काठीने झोका दिला म्हणजे दोरीच माशीला घेऊन जाते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे माशाला पाण्यावरचे सारे जग सुमारे 97 अंशांच्या शंकूतून दिसते. त्यात आपली आकृती येऊ नये, म्हणून माणूस माशाच्या मागून, वाकून व सावकाश पुढे सरकतो.

हा मासा मूळचा भारतातील नव्हे. तपकिरी ट्राउटची अंडी 1899 साली इंग्लंडहून काश्मीरला पाठविली गेली, पण ती वाटेतच नष्ट झाली. 1900 साली पुन्हा केलेला प्रयत्न सफल झाला. पुढे 1909 च्या सुमारास कुलूमध्येही मत्स्यबीज केंद्र निघाले.

तपकिरी ट्राउटची मादी हिवाळ्याच्या सुमारास नदीच्या तळाशी खड्यांत अंडी पुरते. खड्यांमधून झिरपणारे पाणी त्यांना प्राणवायू पुरविते. दरडींचा वा रस्त्यांच्या खोदकामाचा गाळ तेथे साचला, तर अंडी गुदमरतात. म्हणूनच हिमाचल प्रदेशात नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरण्यास बंदी असते. एरवीही परवाना लागतो. पुष्कळ जण धरलेला मासा पुन्हा नदीत सोडतात. त्या वेळी हात ओले ठेवणे आवश्यक असते, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो.

पाहुण्याचे कौतुक करिताना घरच्यांचा विसर पडता कामा नये. हिमालयातील नद्यांत शायझोथोरॅक्स नावाचा देशी मासा राहतो. त्याला ‘स्नो ट्राउट’ म्हणतात, पण कुळाने तो रोहूचाच आप्त आहे. परका ट्राउट लहान मासे खातो आणि अन्नासाठी देशी माशांशी स्पर्धा करितो. जगातील अत्यंत उपद्रवी आगंतुक प्राण्यांच्या यादीत त्याची गणना झालेली आहे. तेव्हा तो नव्या ओढ्यांत सोडण्यापूर्वी दहादा विचार करावयास हवा. परंतु हवामान तापत चालले असता पाहुणा व घरचा, दोघांवरचे संकट एकच आहे. नदी उष्ण व गढूळ झाली, तर दोघांनाही जाण्यास दुसरी जागा नाही.