मोजणी एकेका जिवाची

ऑर्का हा डॉल्फिन कुळातील सर्वांत मोठा सस्तन प्राणी होय. अमेरिका-कॅनडा सीमेवरील समुद्रात ‘दक्षिणी निवासी’ ऑर्कांचे तीन कळप आढळतात. ‘ऑर्का पुष्कळ आहेत’ या समजुतीने १९६०-७० च्या दशकांत त्यांची पिल्ले मत्स्यालयांसाठी पकडून नेण्यात आली.

खरी संख्या कळली ती मोजणीमुळे. पाठीवरचा पर आणि त्यामागचा करडा डाग प्रत्येकाचा निराळा असतो. त्यांच्या छायाचित्रांवरून ओळख पटविण्याची पद्धत कॅनडाचे मायकेल बिग यांनी रूढ केली. १९७६ पासून केन बाल्कम व सहकाऱ्यांनी बोटीतून दरवर्षी नोंद ठेवली. १९९५ साली ९८ असलेले ऑर्का २०२४ च्या मोजणीत ७३ उरले.

बोटीवरील प्रशिक्षित कुत्रा वासावरून पाण्यातील विष्ठा शोधून देतो. प्राण्याला हात न लावता तिच्यातून उपासमार आणि गर्भपात कळतात. चिनूक सॅमन मासा घटला, जहाजांच्या आवाजाने शिकार अवघड झाली आणि विषारी रसायने शरीरात साठली, ही मुख्य कारणे होत.

२०१८ मध्ये ‘जे-३५’ ही माता मृत पिल्लाला सतरा दिवस वाहत होती. नोंद होती, म्हणूनच ती कोण हे जगाला कळले. विद्यार्थी मित्रहो, ‘पुष्कळ आहेत’ असे ऐकले की आपण आधी मोजावे. करुणेलाही अचूक माहितीची जोड हवी.