उद्यांची चिंता आणि दारांतील सावकार

शास्त्रपाठ: मत्तय ६:१९-३४, २ राजे ४:१-७, १ राजे १९:१-८.



प्रभु येशूनें डोंगरावर चिंतेविषयीं जो उपदेश केला, तो कोठारें भरलेल्या लोकांस केला नाहीं. त्याचे ऐकणारे बहुतेक कोळी, शेतकरी व मजूर होते. रोमी सरकारचा कर, मंदिराची पट्टी व सावकाराचें देणें हीं तिन्ही त्यांच्या मानेवर होतीं. पांखरांचा दाखला नीट पाहा. पांखरें पेरीत नाहींत हें खरें, पण उजाडल्यावर तीं घरट्यांत बसूनही राहत नाहींत. प्रभु काम बंद करावयास सांगत नाहीं. जें आपल्या हातीं नाहीं त्याचा भार रात्रीं अंथरुणावर उचलूं नये, असें तो सांगतो.

किल्लारीच्या लोकांस हा धडा वेगळ्या रीतीनें ठाऊक आहे. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास, गणपतीच्या विसर्जनानंतर लोक निजले असतां, भूकंप झाला. लातूर व धाराशिव (तेव्हांचा उस्मानाबाद) या जिल्ह्यांत हजारों माणसें मेलीं. दगडमातीच्या ज्या जाड भिंती घराण्याची ठेव म्हणून जपल्या, त्याच अंगावर पडल्या. हा पापाचा दंड होता असें जो म्हणतो त्यानें लूक १३:४ वाचावें. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक अपराधी होते, हें प्रभूनें साफ नाकारलें. कर्जालाही तोच नियम लावावा. पाऊस न पडल्यानें किंवा सोयाबीनचा भाव उतरल्यानें जो बुडाला, त्याचा विश्वास उणा होता असें कांहीं प्रवचनकार हल्लीं सुचवितात, आणि दान द्या म्हणजे शंभरपट परत येईल अशी हमीही देतात. मार्क १०:३० मध्यें शंभरपटीबरोबर छळही सांगितला आहे. तेवढा शब्द ते गाळतात.

आतां २ राजे ४ मधील विधवेकडे या. तिचा नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकीं, देवाचें भय धरणारा होता. तरी तो कर्ज ठेवून मेला, ही गोष्ट शास्त्र लपवीत नाहीं. सावकार दोन मुलगे दास करून नेण्यास आला. तिनें आधीं काय केलें? ती अलीशाकडे जाऊन ओरडली. आमच्या गांवांत येथेंच अडतें. मनुष्य देणें बायकोपासूनही लपवितो. दानाच्या पेटींत टाकण्यास नाणें नाहीं म्हणून उपासनेस येणें सोडतो, आणि मंडळीला वाटतें कीं तो थंड पडला.

अलीशा तिला बोल लावीत नाहीं. घरांत काय आहे हें विचारतो. कांहींच नाहीं, असें ती म्हणते, मग तिला तेलाची एक कुपी आठवते. चिंतेचा हा स्वभावच आहे. गेलेलें मोजतां मोजतां उरलेलें दिसेनासें होतें. म्हणून सर्व एका कागदावर लिहून काढावें: बँकेचें पीककर्ज, दुकानदाराची उधारी, हातउसने, व्याज, आणि दुसऱ्या बाजूस शेत, शेळी, हातांतील कसब. असा कागद देवापुढें ठेवणें हा अविश्वास नव्हे. हिज्कीया राजानें शत्रूचें पत्र असेंच मंदिरांत पसरलें होतें (२ राजे १९:१४).

मग भांडीं. तेल देवानें दिलें, पण भांडीं शेजाऱ्यांचीं होतीं, आणि भांडीं संपलीं तेव्हां तेल थांबलें. मंडळीनें हें मनावर घ्यावें. कोणी पेरणीचें बीं देईल, कोणी दोन दिवस बैल देईल, कोणी बचतगटांत नांव घालील, जो लिहिणें जाणतो तो अर्ज लिहून देईल. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणें परवान्याशिवाय सावकारी करणें गुन्हा आहे, आणि बेकायदा सावकारानें बळकावलेली जमीन परत मिळण्यासाठीं जिल्हा निबंधकाकडे अर्ज करतां येतो. शेवटीं संदेष्टा तिला तेल विकून आधीं देणें फेडण्यास व उरेल त्यावर मुलांसह निर्वाह करण्यास सांगतो. हा क्रम लग्नाच्या जेवणावळीसाठीं जमीन गहाण टाकणाऱ्यांनीं पाहावा.

पंडिता रमाबाईंस अमेरिकेंतील मंडळानें दहा वर्षें मदत देण्याचें ठरविलें होतें. ती मुदत १८९८ सालीं संपली, आणि तोंवर दुष्काळांतून आणलेल्या शेंकडों मुली त्यांच्या पदरीं होत्या. त्यांनीं प्रार्थना केली, आणि केडगांवीं विहिरीही खणविल्या व शेतीही चालविली.

उपदेशकांस एक गोष्ट खास सांगावयाची आहे. मराठवाड्यांत कर्जाच्या काळजीनें कित्येक शेतकऱ्यांनीं आपला जीव दिला आहे. असा विचार विश्वासणाऱ्याच्याही मनांत येतो. एलीयानें रतामाच्या झुडुपाखालीं मरण मागितलें. देवानें तेव्हां त्याला उपदेश केला नाहीं. निजूं दिलें, निखाऱ्यांवरची भाकर व पाणी दिलें, पुनः निजूं दिलें, पुनः खाऊं घातलें. प्रश्न पुढें होरेबावर विचारला. म्हणून जो बांधव बोलेनासा किंवा जेवेनासा झाला, त्याच्या घरीं त्याच दिवशीं जावें. भाकरी बरोबर न्यावी. फवारणीचें औषध घरांतून काढून आपल्याकडे ठेवावें, रात्रीं त्याच्याजवळ निजावें, सकाळीं त्याला सरकारी दवाखान्यांत न्यावें. १४४१६ या सरकारी क्रमांकावरही विनामूल्य बोलतां येतें. स्तोत्र व वचन त्यानंतर.

वर्गांत विचारण्यासाठीं: विधवेच्या शेजाऱ्यांनीं भांडीं नाकारलीं असतीं तर काय झालें असतें? आपल्या वाडीवस्तीवर यंदा कोण उपासनेस येईनासें झालें आहे, आणि त्याच्याकडे कोण जाईल?