जुन्या पिस्तुलांवरील लष्करी मालकीच्या खुणा

जुने पिस्तूल हाती आले म्हणजे ते कोणत्या शूर पुरुषाचे, असा प्रश्न बहुतेक जण प्रथम विचारतात. अभ्यासकाने विचारावयाचा पहिला प्रश्न निराळा आहे : ते सरकारी की खाजगी? याचे उत्तर त्याच्यावर उठविलेल्या ठशांतून पुष्कळदा मिळते.

परंतु त्यापूर्वी एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या नळीत शंभर वर्षांपूर्वीची दारू ठासलेली राहिलेली असू शकते, आणि कोरडी असल्यास ती पेटते. म्हणून तज्ज्ञ मनुष्य प्रथम एक लाकडी काठी नळीत तळापर्यंत घालतो व तीच काठी नळीच्या बाहेरून लावून पाहतो. काठी बत्तीच्या छिद्रापर्यंत पोहोचत नसेल, तर आत काहीतरी आहे असे समजावे. विद्यार्थ्यांनी हे काम स्वतः न करता संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांवर सोपवावे.

ठसे मुख्यतः तीन ठिकाणी सापडतात : चापाच्या बाजूस बसविलेल्या पोलादी पट्टीवर, नळीच्या मुळाशी आणि मुठीच्या लाकडावर किंवा पितळेवर. ईस्ट इंडिया कंपनीच्या शस्त्रांवर चापाच्या पट्टीवरील ठसा महत्त्वाचा असतो. १८०८ च्या सुमारापर्यंत तेथे पत्त्यांतील बदामासारखी आकृती असे. तिचे चार भाग करून त्यांत इंग्रजी व्ही, ई, आय, सी ही अक्षरे घातलेली असत आणि माथ्यावर चारच्या आकड्यासारखी खूण असे. यातील व्ही म्हणजे यू या अक्षराचे जुने रूप. अर्थ 'युनायटेड ईस्ट इंडिया कंपनी'. हीच आकृती मुंबई इलाख्यात चाललेल्या १७९१ च्या तांब्याच्या पैशावरही होती. म्हणजे व्यापारी गठ्ठ्यावरचा शिक्का नाण्यावर आला आणि शस्त्रावरही बसला! पुढे बदाम जाऊन त्याच्या जागी मुकुट धरून मागील पायांवर उभा राहिलेला सिंह आला.

ब्रिटिश राजाच्या सैन्याची शस्त्रे यांहून वेगळी. त्यांवर मुकुट, राजाच्या नावाची आद्याक्षरे, पुष्कळदा 'टॉवर' हा शब्द, आणि कोंबडीच्या पावलासारखा रुंद बाण दिसतो. हा बाण म्हणजे सरकारी मालमत्तेची खूण होय. असे दोन बाण टोकाला टोक लावून उठविलेले असतील, तर सरकारने ते शस्त्र आपल्या ताब्यातून काढून विकले असे जाणावे.

नळीवरील सर्वच शिक्के मालकीचे नसतात. मुकुटाखाली एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड ही परीक्षेची खूण आहे. नेहमीपेक्षा अधिक दारू भरून बार काढला असता नळी फुटली नाही, एवढेच ती सांगते. पितळेवर कोरलेली अक्षरे व आकडे बहुधा पलटण, तुकडी व शस्त्राचा क्रमांक दाखवितात.

आता आपल्या प्रांताकडे वळू. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि त्याबरोबर छत्तीसगडही कंपनीकडे गेले. १८ जानेवारी १८५८ रोजी रायपूर येथे तिसऱ्या पलटणीतील हनुमानसिंह याने सार्जंट-मेजर सिडवेल याला ठार केले. २२ जानेवारीस सतरा शिपायांना फाशी देण्यात आली. या प्रसंगाशी एखाद्या जुन्या पिस्तुलाचे नाते जोडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण पायदळातील शिपायाच्या हाती सामान्यतः लांब बंदूक असे. पिस्तूल प्रामुख्याने घोडेस्वाराचे व अधिकाऱ्याचे. शिवाय अधिकारी आपले पिस्तूल पुष्कळदा स्वतःच्या पैशाने विकत घेत, म्हणून त्यावर सिंहाऐवजी केवळ दुकानदाराचे नाव असू शकते. उलट, भोसल्यांच्या एखाद्या सरदाराच्या घरी सिंहाचा ठसा असलेले पिस्तूल निघाले, तर ते लुटीचे, भेटीचे की बाजारातून घेतलेले, हे ठसा सांगत नाही. ठसा पहिला मालक दाखवितो, शेवटचा नव्हे. ते पुढे घराण्याच्या कागदपत्रांतून शोधावे लागते.

बनावट वस्तू ओळखण्यासही हेच ज्ञान उपयोगी पडते. पट्टीवर सिंह आणि त्याखाली १७८० हे वर्ष असेल, तर दोहोंपैकी एक खोटे आहे. तसेच बदामाजवळ १८५७ असल्यास शंका घ्यावी. उलट्या वळणाची इंग्रजी अक्षरे दिसली, तर इंग्रजी न जाणणाऱ्या कारागिराने नक्कल केली असावी. सरहद्दीवरील पठाणी कारागिरांच्या बंदुकांवर असे आढळते. मात्र चकमकीचे पिस्तूल पुढे टोपीच्या बारासाठी बदलून घेतलेले असेल, तर जुनी पट्टी व नवा घोडा एकत्र दिसणे यात लबाडी नाही.

या खुणांचा सर्वांत मोठा शत्रू काळ नसून घासकागद आहे. गंज काढण्याच्या उत्साहात पट्टी चकचकीत केली, की शिक्का कायमचा जातो. दिवा एका बाजूने खालून धरल्यास पुसट ठशाच्या कडांची सावली पडते आणि तो वाचता येतो. त्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल हलक्या हाताने फिरवावी. उमटलेल्या आकृतीशेजारी ठशाची जागा, त्याची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि पाहिल्याची तारीख लिहून ठेवावी. अक्षर अर्धवट असेल तर अर्धवटच उतरून घ्यावे.