मुरूम खणलेल्या उतारावर पुन्हा हिरवळ कशी आणावी



रस्त्याला, घराच्या भरावाला, ऊस वाहतुकीच्या पाणंदीला मुरूम लागतोच. दिंद्रुडहून धारूरच्या बालाघाटाकडे जाताना पोखरलेले माळ आणि उघडे पडलेले कडे जागोजागी दिसतात. मुरूम नेणारा निघून जातो. उतार मात्र आपल्याच उसाच्या डोक्यावर उभा राहतो. जोराचा पाऊस आला की चारी बुजते, विहिरीत गाळ उतरतो, बांधालगतच्या सऱ्या खड्यांनी भरतात. म्हणून हा उतार बांधणे हेही ऊस शेतीचेच काम समजावे.

उतार उघडा का राहतो?

मुरूम म्हणजे अर्धवट झिजलेला काळा पत्थर. त्यात सेंद्रिय कर्ब आणि नत्र नावालाच. ओल टिकत नाही, आणि यंत्र फिरल्याने तळ घट्ट दबलेला असतो. अशा जागी नुसते बी फेकले तर पहिल्या पावसात वाहून जाते. आधी पाणी, मग माती, मग गवत आणि शेवटी झाड, हा क्रम मोडू नये.

१. पाणी अडवा आणि वळवा

कड्याच्या वर, काठापासून थोडे मागे सरून चर काढावा व वरचे पाणी सुरक्षित ओढ्यात किंवा गवताळ जागेत सोडावे. चर काठाला चिकटून घेऊ नये. पाणी मुरून कडा ढासळतो.

२. उतार मोडा

उभा कडा कधीच हिरवा होत नाही. एक फूट उंचीला दोन फूट पाया, असा उतार चांगला. म्हणजे दहा फूट उंच कड्याला वीस फूट पाया लागेल. जागा नसेल तर चार-पाच फुटांवर पायऱ्या पाडाव्यात व त्यांना किंचित आतल्या बाजूला ढाळ द्यावा. समपातळी रेषा पाण्याच्या नळीने किंवा लाकडी 'ए' चौकटीने काढता येते. उतार घोटून गुळगुळीत करू नका. खडबडीत पृष्ठभागावरच बी आणि ओल थांबते.

३. माती तयार करा

नवीन खोदकाम असेल तर वरची माती आधी वेगळी काढून ठेवा. तीच खरी विरजणाची कवडी, तिच्यात गवताचे बी आणि जिवाणू असतात. जुन्या खाणीत तलावाचा गाळ व कारखान्याच्या प्रेसमडचे कुजलेले खत मिसळावे. ताजा प्रेसमड तापतो, तो रोपांच्या मुळाशी टाकू नये.

पाचट जाळण्यापेक्षा येथे कामी येते. मात्र कच्चे पाचट मुरमात कालवले तर ते कुजवणारे जिवाणू नत्र खातात आणि गवत पिवळे पडते. मिसळायचे असेल तर आधी कुजवा : एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू. कच्चे पाचट फक्त वरून पातळ अंथरा.

४. गवत, मग झाड

मातीकाम मेअखेर उरका. मृगाचा चांगला पाऊस झाला की मारवेल, अंजन गवत आणि स्टायलो पेरा. सोबत हुलगा किंवा मटकी टाका. द्विदल पीक हवेतला नत्र जमिनीत आणते.

समपातळीवर वाळ्याच्या ओळी लावा. दोन ठोंबांत १० ते १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. वाळ्याची मुळे सरळ खाली दोन-तीन मीटर जातात आणि जून पाने जनावरे सहसा खात नाहीत. आपल्या धंद्याशी याचा जुना संबंध आहे. १९५० च्या दशकात फिजी बेटांवर, डोंगरउतारावरच्या उसाची माती धरण्यासाठी जॉन ग्रीनफिल्ड यांनी वाळ्याचे बांध वापरले. पुढे १९८० च्या दशकात जागतिक बँकेमार्फत हीच पद्धत भारतात पुन्हा पुढे आणली गेली.

गवत बसले की तरवड, गिरिपुष्प, कडुनिंब, खैर आणि सीताफळ लावा. सीताफळ हे तर बालाघाटाचेच झाड. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वेडी बाभूळ मात्र आणू नका, ती नंतर शेतात शिरते.

५. राखण

येथेच बहुतेक कामे फसतात. माळरानाशेजारची बरीच कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. मागे म्हातारी माणसं आणि शेळ्या. राखण कोणी करायची? तेव्हा मातीकाम त्यांच्याच हाताने मे महिन्यात व्हावे, मजुरी त्यांना मिळावी, आणि कापलेल्या गवताचा वाटा त्यांच्या बैलांना मिळावा, असे गावाने आधी ठरवावे. पहिली दोन वर्षे चराई बंद, गवत कापून न्यायचे. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ग्रामसभेतून पाळली, म्हणून तिथले डोंगर हिरवे झाले. ज्याचा गवतात वाटा, तोच राखण करतो.

शेवटी एक गोष्ट. मुरूम गौण खनिजात मोडतो. परवानगीशिवाय काढू नये. आणि जो काढून नेईल त्याच्याकडून उतार मोडून देण्याचे व वरची माती परत पसरण्याचे लेखी कबूल करून घ्यावे. खड्डा पडल्यावर भांडण्यापेक्षा हे सोपे.

यंदा प्रत्येकाने आपल्या उसावरचा एक तरी उतार निवडावा, आणि मे महिन्याच्या आत गट कार्यालयात नाव नोंदवून पातळी काढून घ्यावी.

— ऊस विकास अधिकारी