हिऱ्याचा बदललेला रंग आणि आमची द्रव्यपरीक्षा

काही वर्षांपूर्वी आमच्या पनवेल येथील चिकित्सालयात एक गृहस्थ आले. त्यांच्या वृद्ध मातोश्री दीर्घ व्याधीने क्षीण झाल्या होत्या. हीरकभस्माने बल येते असे कोणीतरी सांगितल्यामुळे पत्नीच्या अंगठीतील हिरा काढून त्यांनी तो कागदाच्या पुडीत आणला होता. ‘घरचाच शुद्ध पांढरा हिरा आहे, याचेच भस्म करून द्या,’ अशी त्यांची विनंती होती. सोबत खरेदीची पावती होती. तीवर ‘नैसर्गिक हिरा’ या शब्दांपुढे ‘एचपीएचटी’ असे संक्षिप्त रूप लिहिलेले होते. त्याचा अर्थ त्यांनी आम्हांस विचारला. आम्हांस तो सांगता आला नाही.

ज्या पनवेलमध्ये १८७२ सालापासून श्री धूतपापेश्वरसारख्या संस्थेने रसौषधींच्या निर्मितीची परंपरा जोपासली, तेथील वैद्याला वज्राविषयीचा एक साधा प्रश्न अनुत्तरित ठेवावा लागावा, याची आम्हांस खंत वाटली. त्यानंतर जो अभ्यास घडला, तो वैद्यबंधू-भगिनी आणि औषधालयांचे चालक यांच्यासमोर ठेवीत आहोत.

वज्राची शास्त्रोक्त परीक्षा

रसरत्नसमुच्चयात वज्राचे नर, नारी व नपुंसक असे तीन भेद वर्णिले आहेत. त्यांपैकी श्रेष्ठ अशा नरवज्राला आठ फलके व सहा कोण असावेत, ते अत्यंत तेजस्वी असावे, असे सांगितले आहे. आठ फलके आणि सहा कोण हे हिऱ्याच्या नैसर्गिक अष्टफलक स्फटिकाचे अचूक वर्णन आहे. यावरून प्राचीन आचार्यांनी खाणीतून आलेला, न घासलेला हिरा डोळ्यांसमोर ठेवूनच परीक्षा लिहिली, हे स्पष्ट होते.

आकाराच्या जोडीला वर्ण येतो. श्वेत, रक्त, पीत व कृष्ण असे वज्राचे चार वर्ण मानले आहेत. भावप्रकाशात श्वेत वज्र रसायनकर्मात, रक्त वज्र व्याधी व जरा यांच्या नाशासाठी, पीत वज्र देहदार्ढ्यासाठी आणि कृष्ण वज्र व्याधिनाश व वयःस्थापनासाठी सांगितले आहे. म्हणजेच ग्रंथकारांच्या दृष्टीने वर्ण ही केवळ शोभा नसून द्रव्यनिवडीची खूण आहे. ही खूण आता यंत्राने बदलता येते. आमच्या अभ्यासाचा विषय तोच आहे.

रंग कशामुळे येतो

हिरा म्हणजे शुद्धप्राय कार्बन. निर्दोष रचनेचा हिरा रंगहीन असतो. रचनेत इतर मूलद्रव्यांचे अत्यल्प अणू शिरले किंवा अणूंच्या जागा रिकाम्या राहिल्या, म्हणजे प्रकाशाचा काही अंश शोषला जातो व रंग दिसतो. नायट्रोजनामुळे पिवळेपणा येतो, बोरॉनमुळे निळेपणा येतो. बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजन असतो. त्यांना पहिल्या प्रकारचे हिरे म्हणतात. ज्यांत तो जवळजवळ आढळत नाही, ते दुसऱ्या प्रकारचे. हे फारच थोडे असतात. गोवळकोंड्याच्या परंपरेतील कोहिनूर याच प्रकारचा आहे.

दुसऱ्या प्रकारातील पुष्कळ हिरे तपकिरी निघतात. भूगर्भात त्यांच्यावर पडलेल्या ताणामुळे स्फटिकाचे थर सरकतात व अणूंच्या रिक्त जागांचे पुंजके तयार होतात. तपकिरी छटा या पुंजक्यांमुळे येते. हिऱ्याच्या अंगावर कोणताही मळ नसतो. त्यामुळे घासून, धुऊन वा आम्लात ठेवून ती जात नाही.

उष्णता आणि दाब यांचे कार्य

एचपीएचटी म्हणजे उच्च दाब व उच्च तापमान. हिरा एका भक्कम दाबयंत्रात ठेवून त्यावर वातावरणाच्या सुमारे ५० ते ७० हजार पट दाब दिला जातो आणि तापमान सुमारे २००० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही वर नेले जाते. इतक्या उष्णतेत रिक्त जागांचे पुंजके विखुरतात. दुसऱ्या प्रकारच्या तपकिरी हिऱ्यातील छटा त्यामुळे नाहीशी होऊन तो रंगहीन होतो. क्वचित गुलाबीही होतो. बोरॉनयुक्त करड्या हिऱ्याचा निळा रंग खुलतो. पहिल्या प्रकारात मात्र सुटलेल्या रिक्त जागा नायट्रोजनाशी जोडल्या जातात व हिरा पिवळा वा हिरवट पिवळा होतो. एकाच अग्नीचा परिणाम द्रव्याच्या मूळ प्रकृतीनुसार वेगळा होतो, हे आमच्या वाचकांस नवल वाटण्यासारखे नाही.

येथे दाबाचे प्रयोजन नीट समजून घ्यावे. हिरा पुरेशा दाबाविना इतका तापवला तर त्याचे ग्रॅफाइट होते. दाब हा हिऱ्याला हिराच ठेवतो. पुंजके विस्कटण्याचे काम मुख्यतः उष्णता करते. आत भेगा वा इतर खनिजांचे कण असतील तर या प्रक्रियेत हिरा फुटू शकतो. म्हणून स्वच्छ तुकडेच निवडले जातात आणि बाहेर आल्यावर त्यांना पुन्हा पैलू पाडून झिलई दिली जाते. प्राप्त झालेला रंग कायम टिकतो.

मार्च १९९९ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने अशा रीतीने सुधारलेले नैसर्गिक हिरे लाझार कापलान या व्यापारी पेढीच्या उपकंपनीमार्फत बाजारात येणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा हिरेव्यापारात मोठी खळबळ उडाली. डोळ्याला किंवा साध्या भिंगाला फरक दिसत नव्हता. आज सुसज्ज रत्नपरीक्षा प्रयोगशाळा अवरक्त वर्णपटाने हिऱ्याचा प्रकार ठरवतात व द्रवरूप नायट्रोजनाच्या शीततेत लेसरने त्याची दीप्ती तपासून प्रक्रिया ओळखतात. अहवालात तसा उल्लेख होतो आणि पुष्कळदा हिऱ्याच्या कडेवर सूक्ष्म अक्षरेही कोरली जातात.

तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात

याच दाबयंत्राने दोन भिन्न कामे होतात, त्यामुळे घोटाळा होतो. खाणीतील हिऱ्याचा रंग बदलणे हे एक. कार्बनपासून नवीन हिरा घडवणे हे दुसरे. दुसरे काम जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९५४ मध्ये साध्य झाले. त्यात लोह, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या वितळलेल्या रसातून हिरा वाढवतात आणि त्या धातूंचे कण हिऱ्यात अडकून राहू शकतात. घासकामासाठी लागणारी हिऱ्याची भुकटी मुख्यतः अशीच तयार होते व ती स्वस्त असते. तिसरा प्रकार वायूतून थरावर थर चढवून वाढवलेल्या सीव्हीडी हिऱ्याचा. तोही पुष्कळदा तपकिरी निघतो व मग उच्च दाब-तापमानाने त्याचा रंग काढतात.

सारांश, रंग बदललेला नैसर्गिक हिरा हा खाणीतलाच हिरा असतो. कृत्रिमरीत्या घडवलेला हिरा रासायनिकदृष्ट्या हिराच असला तरी खनिज द्रव्य नव्हे. औषधालयाला खरा धोका पहिल्यापासून नसून, ‘हीरक’ या नावाने येणाऱ्या धातुमिश्रित भुकटीपासून आहे.

शोधन-मारणाशी तुलना

कुलत्थ वा कोद्रवाच्या क्वाथात दोलायंत्राने स्वेदन आणि पुढे पुनःपुन्हा तापवून निर्वाप, ही आमची परंपरा. येथेही अग्नी आहे, संपुट आहे; म्हणून ‘आमच्या आचार्यांना हे तंत्र ठाऊकच होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. रत्नाची शोभा वाढवणे हा एचपीएचटीचा हेतू. रत्नाचे रत्नपण मोडून ते देहाला सात्म्य करणे हा मारणाचा हेतू. दिशाच उलट आहेत.

आणखी एक गोष्ट निर्मात्यांनी ध्यानी घ्यावी. मोकळ्या हवेत सुमारे ७०० ते ८०० अंशांच्या पुढे हिरा जळू लागतो व त्याचा कार्बन डायऑक्साइड वायू होतो. सोनार हिरेजडित दागिना झाळताना त्यावर बोरिक आम्लाचा लेप देतात, तो याच भयाने. त्यामुळे संपुटाचा संधिबंध सैल राहिल्यास महागडे द्रव्य वायुरूपाने निघून जाईल आणि उरेल ती सहद्रव्यांची राख. प्रत्येक पुटापूर्वी व नंतर वजनाची नोंद आणि अंती भस्माचे रासायनिक परीक्षण यांस पर्याय नाही.

आमचे कर्तव्य

पैलू पाडलेल्या हिऱ्यात नरवज्राची आठ फलके राहिलेली नसतात. आकाराची खूण घासण्यात जाते, वर्णाची खूण दाबयंत्रात. म्हणून केवळ डोळ्यांनी वर्ण पाहून ‘हे रसायनकर्माचे श्वेत वज्र’ असा निर्णय आता देऊ नये. कच्चे द्रव्य घेताना ते खनिज आहे की घडवलेले, त्यावर रंगाची प्रक्रिया झाली आहे काय, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे व अनुसूची टी प्रमाणे ठेवावयाच्या कच्च्या मालाच्या नोंदीत उतरवावे. भुकटी रूपातील हीरक शक्यतो घेऊच नये. घेतल्यास निकेल, कोबाल्ट व लोह यांची तपासणी करावी. रुग्णाने आणलेले रत्न ज्योतीवर धरून ‘परीक्षा’ करू नये. त्याची चकाकी गेली तर ती आपल्याला परत देता येत नाही.

त्या गृहस्थांची पुडी आम्ही त्याच दिवशी परत केली होती. अर्थ समजल्यावर त्यांना निरोप पाठवून बोलावले. हिरा खाणीतलाच आहे, रंग मात्र यंत्राने दिलेला आहे, पावतीवर तसे लिहिलेले असल्याने विक्रेत्याने काही लपवलेले नाही, आणि एका खड्याचे भस्म चिकित्सालयात होत नसते, हे त्यांना सांगितले. मातोश्रींचा अग्नी मंद होता. आधी त्याकडे लक्ष दिले. हिरा पुन्हा अंगठीत बसला. रुग्णाने विश्वासाने पुढे केलेली वस्तू काय आहे हे जाणून घेणे, ही द्रव्यपरीक्षेची पहिली पायरी होय. इत्यलम्.